तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ही समजूत’ म्हणजे नेमकी कोणती?

उतारा कळतो, पण ‘ही समजूत’, ‘या बदलामुळे’, ‘असा आक्षेप’ यांखाली रेघ मारून ‘म्हणजे काय?’ असं विचारलं की उत्तर चुकतं. ते शोधायचं कसं, असं बरेच जण विचारतात. एक उताराच घेऊ.

‘1847 साली व्हिएन्नातील प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी तिथल्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुणे सक्तीचे केले. बाळंतिणींचे तापाने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. तरीही असे आजार दूषित हवेमुळे होतात, असेच अनेक वरिष्ठ डॉक्टर मानत राहिले. ही समजूत ढळण्यासाठी जंतुसिद्धांत (आजार जंतूंमुळे होतात हा सिद्धांत) प्रस्थापित व्हावा लागला.’

‘ही’ स्त्रीलिंगी, ‘हवा’ही स्त्रीलिंगी आणि शेजारीच आहे, म्हणून ‘दूषित हवा’ असं उत्तर येतं. पण इथे ‘ही’चं लिंग पुढच्या ‘समजूत’मुळे आलंय, मागच्या कुठल्या शब्दामुळे नाही. दर्शक शब्दापुढे (‘ही’, ‘या’, ‘असा’) नाम असेल तर लिंग सोडून द्या आणि त्या नामाचा अर्थ धरा. समजूत म्हणजे कुणीतरी काही मानणं. मागे ‘मानत राहिले’ हे क्रियापद आहेच. त्याला जोडलेलं विधान हे उत्तर: ‘असे आजार दूषित हवेमुळे होतात’. ते ‘ही समजूत’च्या आधी घालून वाक्य वाचा. ‘असे आजार दूषित हवेमुळे होतात ही समजूत ढळण्यासाठी…’ बसलं. ‘हात धुतल्याने मृत्यू घटतात’ घालून बघा. जंतुसिद्धांताने ते ढळणार नाही, उलट पक्कं होईल. म्हणून वाक्याचा उरलेला भाग तपासणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि नेमका तोच वाचायचा राहतो.

आणखी एक. ‘समजूत’, ‘दावा’, ‘गैरसमज’ ही नामं लेखक स्वतः निवडतो आणि त्यांत त्याचं मत असतं. ‘हा गैरसमज’ ज्याकडे बोट दाखवतो, ते विधान लेखकाला मान्य नसतं. ते त्याच्याच नावावर लिहिलं तर उत्तर पार उलटं होतं.

नुसतं सर्वनाम असेल तर मात्र लिंग-वचन उपयोगी पडतं. तेही पुरतं नाही: ‘त्याचा’मध्ये पुल्लिंग-नपुंसकलिंगाचा फरक दिसत नाही, ‘त्यांचा’मध्ये तिन्ही लिंगांचं अनेकवचन येतं आणि आदरार्थी एकवचनही. ‘यामुळे’ला तर लिंगच नाही, ते बहुधा आधीच्या अख्ख्या वाक्याला धरून असतं. ‘त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना त्यांच्या नोंदी दाखवल्या’ या वाक्यात ‘आपल्या’ कर्त्याचं. ‘त्यांच्या’ बहुधा सहकाऱ्यांचं किंवा तिसऱ्याच कुणाचं. ते आधीच्या वाक्यावरूनच ठरेल.

‘या दोन्ही’ आलं तर नेमक्या दोनच गोष्टी सापडायला हव्यात. आणि मागे जाऊन हाती पुन्हा ‘ही पद्धत’ किंवा ‘तसे’ लागलं, तर तिथे थांबू नका. खरं नाम किंवा पूर्ण विधान मिळेपर्यंत आणखी मागे जा.