रेवदंड्याचा धनी कोण? १५८० चा वारसावाद

रेवदंडा, कोर्लई, वसईचे किल्ले आपण सरसकट पोर्तुगीज म्हणतो. पण १५८० ते १६४० या काळात त्यांचा धनी स्पेनचा राजा होता, आणि तो लिस्बनच्या गादीचा वारस म्हणून.

४ ऑगस्ट १५७८ ला मोरोक्कोत अल्कासर किबीरच्या लढाईत पोर्तुगालचा राजा सेबास्तियन पडला. वय २४, अविवाहित. गादी त्याच्या चुलत आजोबांकडे, कार्डिनल हेन्रीकडे गेली. साठी उलटलेल्या या धर्मगुरूला लग्नासाठी पोपची मुभा हवी होती, ती मिळाली नाही. ३१ जानेवारी १५८० ला तोही वारस न नेमता गेला.

मग शोध आला हेन्रीच्या वडिलांच्या, मॅन्युएल पहिल्याच्या, नातवंडांवर. स्पेनचा फिलिप दुसरा हा थोरल्या मुलीचा मुलगा. ब्रागांझा या पोर्तुगीज सरदार घराण्याची डचेस कातारीना ही मुलाची, दुआर्तची मुलगी. दुआर्त १५४० मध्येच वारलेला. तिची बाजू अशी की मयत मुलाच्या जागी त्याची लेक उभी राहते, आणि मुलाची शाखा मुलीच्या शाखेआधी येते. (सातबाऱ्यावर मयत भावाच्या जागी त्याची मुलं लागतात, तसंच.) फिलिपचं म्हणणं, गादीला हे लागू नाही, हयात नातवंडं एकाच पायरीवर, त्यांत पुरुष आधी, मग वयाने मोठा.

मला कातारीनाचा दावा फिलिपपेक्षा भक्कम वाटतो. फक्त एक अडचण होती: तिची थोरली बहीण मारिया वारलेली, पण मारियाचा मुलगा रानुच्चो हयात होता. तेच तत्त्व आणखी एक पिढी ताणलं की हक्क त्याचा.

निकाल मात्र सैन्याने लावला. मॅन्युएलचाच आणखी एक नातू, अनौरस ठरवलेला आंतोनिओ, याला लोकांनी राजा केलं होतं. २५ ऑगस्ट १५८० ला लिस्बनजवळ आल्कांतारापाशी फिलिपचा सेनापती, आल्बाचा ड्यूक, याने त्याचा पाडाव केला. १५८१ मध्ये तोमारला भरलेल्या पोर्तुगालच्या प्रतिनिधी सभेत फिलिपने शपथ घेतली की पोर्तुगालचा कारभार वेगळा राहील आणि हुद्दे पोर्तुगीजांनाच मिळतील. म्हणून १५९४ मध्ये निजामशाहीकडून कोर्लईचा डोंगर घेतला गेला, तो फिलिपच्या राज्यात, पण पोर्तुगीजांच्या हातून.

१ डिसेंबर १६४० ला लिस्बनने उठाव करून कातारीनाचा नातू जुआंव चौथा याला गादीवर बसवलं. स्पेन ते मानेना, म्हणून इंग्लंडचा आधार हवा होता. जुआंवची लेक, तीही कातारीनाच, दुसऱ्या चार्ल्सला दिली आणि १६६१ च्या करारात मुंबई हुंड्यात गेली. स्पेनने पोर्तुगालचं स्वातंत्र्य मानलं ते १६६८ मध्ये. त्याच वर्षी चार्ल्सने मुंबई सालाना १० पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.