बारा इंचांवर अडलेले बास: जूनची जाळेओढणी, कानातले खडे आणि नरांचा प्रश्न

माझ्या तळ्यातील जूनच्या जाळेओढणीचा निकाल मनासारखा लागला असता, तर ही नोंद शरद ऋतूपर्यंत लांबली असती. तो तसा लागला नाही. काठालगत ओढलेल्या पंधरा फुटी जाळ्यात यंदाची बास या शिकारी माशाची दीड-दोन इंची पिल्ले भरपूर आली, त्याचा चारा असलेल्या ब्लूगिल माशाचे नुकतेच फुटलेले जिरेही (अगदी बारीक पिल्लेही) मुबलक आले, परंतु ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप चालला आहे ते तीन ते पाच इंचांचे मधले ब्लूगिल औषधालाही सापडले नाहीत. म्हणजे गेले दोन हंगाम एकरी पंचवीस पौंडांच्या हिशेबाने बास बाहेर काढूनही तळे स्विंगलच्या तक्त्यात (जाळ्यात काय आले त्यावरून तळ्याचा समतोल ठरवणाऱ्या तक्त्यात) ‘बासची दाटी’ या रकान्यातच ठाण मांडून बसले आहे.

आपल्या मंडळींना पार्श्वभूमी ठाऊक आहेच: अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या पिडमाँट भागातील लाल चिकणमातीचे अडीच एकरांचे तळे, आधीच्या मालकाकडून माशांसकट मिळालेले, आणि आत बारा इंचांवर येऊन अडलेल्या बासची फौज. बारा इंची बासचे प्रमाण वजन सुमारे ४०० ग्रॅम धरले जाते. काढणी सुरू करण्यापूर्वी माझ्याकडील त्या लांबीचे मासे ३१० ग्रॅमच्या आसपास भरत, म्हणजे सापेक्ष वजन (प्रमाण वजनाच्या किती टक्के) ७७ होते. या मे महिन्यात तोच आकडा ३५० च्या पुढे गेला, म्हणजे सापेक्ष वजन ८८ वर आले. ९५ ते १०५ हे उद्दिष्ट अजून दूर असले, तरी पाठीची धार जाऊन तेथे थोडे मांस दिसू लागले, याचे समाधान काही कमी नाही. याउलट अठरा इंचांपुढचे मोजके मासे सुरुवातीपासूनच १०० च्या वर आहेत, कारण त्यांच्या जबड्यात सहा-सात इंची ब्लूगिल मावतात आणि असे ब्लूगिल तळ्यात हवे तितके आहेत. उपासमार आहे ती मधल्यांची. आपल्या लांबीच्या साधारण एक-तृतीयांश एवढा ब्लूगिल बास सहज गिळतो, आणि माझ्या तळ्यात नेमक्या त्याच मापाचे ताट रिकामे आहे.

प्रश्न असा होता की, वजन वाढते आहे तर लांबी का वाढत नाही? सापेक्ष वजन म्हणजे माशाची आजची प्रकृती; त्याचे वय त्यातून कळत नाही. तीनशे ग्रॅमचा मासा दोन वर्षांचा आहे की सहा, हे तराजू सांगणार नाही. म्हणून यंदा काढलेल्या माशांच्या कानातील खडे, म्हणजे सॅजिटा, काढून पाहण्याचे ठरवले. डोके मागून कापून कवटीच्या तळाशी चिमटा घातला की तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा, एका बाजूला किंचित खोलगट असा खडा हाती येतो. लहान माशांचा खडा अख्खाच पाण्यात ठेवून वाचता येतो. जुन्या माशांचा मात्र मध्यावर मोडून, मोडलेली कड बारीक पॉलिश कागदावर घासून, वर तेलाचा थेंब सोडून बाजूने प्रकाश टाकावा लागतो. प्रकाशाचा कोन जरा बदलला की धूसर दिसणाऱ्या कडेवर एकाएकी वर्षांची वलये उमटतात, आणि एकदा ती दिसली की मग नजर हटत नाही.

वलयांनी जे सांगितले त्यामुळे माझा बेतच पालटला. अकरा ते साडेबारा इंचांच्या माशांत चार वर्षांखालचा जवळजवळ कोणी नव्हता. एक साडेअकरा इंची मासा चांगला सहा वर्षांचा निघाला. दक्षिणेकडील सुपीक, समतोल तळ्यात दोन वर्षांत बारा इंच गाठणे ही विशेष गोष्ट समजली जात नाही. या गतीच्या तुलनेत माझे मासे ‘वाढणारे लहान मासे’ नसून ‘खुरटलेले म्हातारे’ आहेत. आणि पोट फाडल्यावर दुसरी गोष्ट दिसली: यंदाच्या, म्हणजे दाटी थोडी कमी झाल्यानंतरच्या, बारा इंची माशांत पिवळसर अंडाशयांपेक्षा पांढऱ्या, दोरीसारख्या वृषणांचीच संख्या फार मोठी होती. बासचे नर मुळातच माद्यांइतके वाढत नाहीत. पाच पौंडांपुढचा नर दुर्मिळ. पहिल्या हंगामात चौदा इंचांखालचे सरसकट सारे काढले, तेव्हा उरलेल्यांपैकी ज्या माद्यांना अन्न मिळाले त्या पुढे सरकल्या, आणि नर मिळालेल्या अन्नाने जाडजूड होऊन आहे तेथेच थांबले, असा या आकड्यांचा अर्थ मला दिसतो. सापेक्ष वजन वाढले पण लांबी वाढली नाही, याचे कोडे त्यातून बऱ्याच अंशी सुटते.

येथपर्यंत लिहून झाल्यावर जूनच्या जाळ्यातली ती पिल्ले पुन्हा डोळ्यांपुढे आली. दाटी कमी केली की उरलेल्या माशांची पिल्ले अधिक जगतात, हा या काढणीचा जुनाच दुष्परिणाम आहे. मात्र बासचे घरटे राखतो तो नर. मादी अंडी टाकून निघून जाते. अंड्यांवर पंख्यासारखे शेपूट हलवत राहणे, ब्लूगिलच्या टोळ्या हाकलणे आणि पिल्लांच्या घोळक्याबरोबर काही दिवस फिरणे ही सारी कामे नराची. तो घरट्यावरून उचलला की आसपासचे ब्लूगिल अंड्यांचा फडशा पाडतात. मग चौदा इंचांखालचे सरसकट सारे काढण्याऐवजी वसंतात, पाणी ६० ते ६५ अंश फॅरनहाइटवर आले की, पोट हलके दाबल्यावर चिक (पांढरे वीर्य) सोडणारे नर तेवढे काढले, तर एका दगडात दोन पक्षी मारले जातील: अडून बसलेला वर्गही हलेल आणि नवी भरतीही (दर वर्षी पडणारी पिल्लांची भर) आवरेल. शिवाय त्याच लांबीच्या माद्या पाण्यात राहतील, म्हणजे वाढण्याची क्षमता असलेले मासे चुकून कढईत जाणार नाहीत. सगळे नर हाती लागणे शक्य नाही आणि तसे व्हायलाही नको, कारण थोडी भरती दर वर्षी हवीच. टेक्सासमध्ये काही तळेमालक नुसत्या माद्याच सोडतात. त्या टोकाला जाण्याची माझी इच्छा नाही, कारण चुकून एक नर शिरला तरी सारा हिशेब विस्कटतो.

चाऱ्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र मनासारखी घडली आहे. या मातीतल्या पाण्याची अल्कता (आम्ल शमवण्याची क्षमता) लिटरला ११ मिलिग्रॅम निघाली होती, आणि ती २० च्या वर गेल्याशिवाय खत घालणे म्हणजे पैसे पाण्यात घालणेच. चिखलाचा नमुना तपासून हिवाळ्यात एकरी दोन टन शेतीचा चुना होडीतून सर्वत्र पसरला. आता अल्कता २४ आहे. त्यानंतर १०-५२-४ हे विरघळणारे खत थोडे थोडे दिले. तळ्याला गरज असते ती मुख्यतः स्फुरदाची, नत्राचे नाव पिशवीवर कितीही मोठे छापले तरी. पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी सोडलेली सेकीची तबकडी आता वीस इंचांवर दिसेनाशी होते. पाणी मुगाच्या सालीच्या रंगाचे झाले आहे आणि उथळ खडीवर ब्लूगिलची घरटी एकमेकांना चिकटून पडली आहेत. जिरे मुबलक आहे ते यामुळेच. ते तीन इंचांपर्यंत पोहोचत नाही, हे दुखणे वेगळे.

यावर थ्रेडफिन शॅड हे लहान चारामासे सोडावे, असा विचार मागील नोंदीत मांडला होता. तो आता रद्द. पाणी ४५ अंश फॅरनहाइटखाली उतरले की हे शॅड मरू लागतात, आणि आमच्याकडील एखादा कडक हिवाळा तेवढ्याला पुरेसा आहे. विकतचे मधले ब्लूगिल आणण्याचा पर्यायही मनातून उतरला आहे. मागच्या वेळी एका पुरवठादाराने कॉपरनोज ब्लूगिल (ब्लूगिलचाच एक प्रकार) म्हणून दिलेल्या पिशव्यांत ग्रीन सनफिश नावाचे मोठ्या तोंडाचे दुसरेच मासे मिसळलेले निघाले, आणि तक्रार केल्यावर ‘ते मोठे झाल्यावर रंग बदलतील’ असे उत्तर मिळाले. संकरित ब्लूगिल कोणी आग्रहाने विकत असेल, तर चाऱ्यासाठी घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे; त्यांत बहुसंख्य नर असतात आणि म्हणावी तशी पैदास होत नाही.

त्याऐवजी वरच्या बाजूचा पाव एकराचा जुना खड्डा, जो आजवर केवळ गाळ अडवण्यापुरता होता, तो सप्टेंबरात कोरडा करून त्यात बासविरहित ब्लूगिल वाढवावेत, हे हे लिहिता लिहिताच सुचले. महाराष्ट्रात आमचे नातेवाईक शेततळ्यात कटला, रोहू आणि मृगळची बोटुकली सोडतात आणि फोनवर ‘किती किलो निघाले?’ एवढेच विचारतात. शिकारी मासा मुद्दाम पाळून त्याच्यासाठी दुसरा मासा वाढवायचा, हे त्यांना उधळपट्टीचे वाटते. पण एक पौंड बास वाढायला सुमारे दहा पौंड चारामासा लागतो, हे गणित मांडले की खड्ड्याचा उपयोग त्यांनाही पटतो. खाद्ययंत्र तेथे हलवेन. सौर पट्टीवरचे हे यंत्र आजवर एकदाही रुसलेले नाही, आणि बासच्या तळ्यात ते गोळ्या टाकते तेव्हा गर्दी करतात ते आधीच सात इंच झालेले ब्लूगिल, ज्यांना खाऊ घालून मला काहीच मिळत नाही.

वजनासाठी टांगता तराजू मी सोडून दिला आहे. एक पौंडाखालच्या तडफडणाऱ्या माशाला तो न्याय देत नाही. ओल्या ताटलीसह स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा बरा. काढलेल्या बासचे तिखले उत्तम होते, पापलेटची सर त्याला नसली तरी.

ऑगस्टमध्ये पुन्हा जाळे ओढणार आहे. तोपर्यंत तीन इंची ब्लूगिल दिसले नाहीत, तर खड्ड्याचे काम सप्टेंबरची वाट न पाहता आधीच हाती घेईन. आपल्यापैकी कोणी वसंतात चिक पाहून नर वेगळे केले असतील, तर किती लांबीपर्यंत ही खूण भरवशाची ठरली, आणि पाण्याच्या कोणत्या तापमानाला चिक येणे बंद झाले, हे अवश्य कळवावे.