उदाहरणार्थ, पानफुटी

पौषातल्या एका दुपारी दोरीवरचे कपडे काढायला मागच्या अंगणात गेलो, तेव्हा पाण्याच्या टाकीआडच्या कुंडीत कमरेएवढा उंच दांडा उभा दिसला आणि त्यावर खाली माना घालून लोंबणारे पुष्कळसे कंदील. ही कुंडी कोणी व कधी आणली, हे घरात कोणालाच सांगता येईना. एक कंदील चिमटीत दाबला, तर त्याचा फिकट हिरवा, जांभळट रेघांचा कागद फट्ट आवाज करून फुटला आणि आतली मिटलेली तांबूस कळी बाहेर आली.

फोटो आईला पाठवला. तिचा लगेच फोन आला. "अरे, पानफुटी आहे ती! पुस्तकात तिची पानं ठेवून ठेवून इतिहासाची वाट तूच लावली होतीस ना?"

मी ओशाळलो. चौथीत असताना अफझलखानाच्या धड्यात दडवलेल्या त्या जाड पानाच्या खाचांतून आठवड्याभरात पांढरी मुळे आणि मोहरीएवढी इवली पाने फुटली होती. धड्यावर पडलेला हिरवा डाग तर वर्षअखेरपर्यंत गेला नाही. पुढे शाकीय प्रजननाच्या उत्तराखाली 'उदा. पानफुटी' एवढे लिहून मी कित्येकदा गुण मिळवले, पण हे झाड फुलते का, हा प्रश्न मलाही पडला नाही आणि पेपर काढणाऱ्यालाही नाही. माझ्या बाजूने एवढेच म्हणता येईल की मला ठाऊक असलेले पान एकेकटे होते, आणि दांड्यावरची पाने मात्र तीन-तीन, पाच-पाच पर्णिकांची निघाली.

पानफुटी मूळची मादागास्करची, आणि तिचा सगळा व्यवहार रात्रीचा. उन्हात पाणी उडून जाऊ नये म्हणून ती पर्णरंध्रे रात्री उघडते, तेव्हा घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवते आणि उजाडल्यावर ती शिल्लक खर्ची घालते. म्हणूनच तिचे पान सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागते, हे बेंजामिन हाइन या मद्रासकडच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१३ साली चक्क चाखून लिहून ठेवले आहे.

फुलण्याचा हिशेबही रात्रीवरच चालतो. मोठे दिवस सरून रात्री लांबू लागल्या की ती कळ्या धरते, मात्र ती रात्र अंधारी हवी. आमच्या मागच्या दाराचा दिवा चोरांच्या धास्तीने वर्षानुवर्षे रात्रभर जळत असे. तो यंदा नवरात्रात गेला आणि माझ्या आळसामुळे तसाच राहिला. या दोन गोष्टींचा संबंध मी लावला आहे. आळसाला शास्त्राचे पांघरूण, असे बायकोचे मत आहे.

नवा बल्ब आणून फडताळात ठेवला आहे. आईला पाठवायचे म्हणून काढलेले एक पान त्याच्या खोक्यावर पडून आहे, आणि त्याला मुळे फुटू लागली आहेत.