टोपी उतरवतानाचे पाच फोटो

सकाळी साडेपाच ते नऊ ही वासुदेवाच्या कमाईची वेळ. त्याला ‘पाच मिनिटं थांबा’ म्हणायचं म्हणजे त्याची दोन-तीन घरं बुडवायची. म्हणून आदल्या दिवशी भेटून फेरीचा रस्ता विचारून घ्यायचा, त्या सकाळचे पैसे आधी ठरवायचे आणि फेरीत आपण मागून चालायचं, एवढं मी पाळते. रस्त्यावर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे फोटो काढून त्यांची हकीकत लिहून घेण्याचं काम चालू आहे, त्यातली ही पुण्यातल्या पेठेतली सकाळ. बुवांचं वय साठीच्या पुढचं.

वासुदेवाचा फोटो दिसतो तितका सोपा नाही. पांढरा घोळदार झगा, सावळा चेहरा आणि वर मोरपिसांची टोपी, तिन्हींना लागणारा उजेड वेगवेगळा. कॅमेरा झग्याचा पांढरा रंग बघतो आणि सगळंच काळं करून टाकतो. चेहऱ्यावर मोजमाप घेतलं तर झग्याच्या चुण्या जळून जातात. मी झग्याच्या सगळ्यांत उजळ भागाला धरून एक्स्पोजर लावते आणि चेहऱ्यासाठी झग्याचाच उपयोग करते. बुवा उन्हाच्या कवडशात एक पाऊल पुढे आले की झग्यावरून उजेड उलटून हनुवटीखाली, डोळ्यांत जातो. वेगळ्या रिफ्लेक्टरची गरज पडत नाही.

पिसांचं गणित आणखी निराळं. मोरपिसातला निळा-हिरवा हा रंगद्रव्याचा नसतो, पिसाच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश पडून तो दिसतो. कोन बदलला की रंग बदलला. समोरून फ्लॅश मारला की टोपी तपकिरी तरी होते, नाहीतर एकाच जागी भडक चमकते. तिरपा, मऊ उजेड हवा. हातातल्या चिपळ्या गोठवायला शटरचा वेग १/२५० सेकंद पुरतो. गिरकीत पिसांचा घेर फिरता दाखवायचा तर १/३०, त्यात दहातला एखादा फोटो हाती लागतो. कोंदट गल्लीत सहा-सव्वासहाला आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, १६००च्या खाली उतरवता येत नाही.

आवाज घेताना टाळ घात करते. गळ्याशी लावलेल्या माइकवर झग्याची खसखस येते आणि टाळेचा पहिलाच ठोका रेकॉर्डिंग फाडतो. त्यापेक्षा हातातला रेकॉर्डर दीड-दोन मीटरवर, टाळेच्या रेषेतून जरा बाजूला धरायचा आणि पातळी उणे १८ डेसिबलच्या आसपास ठेवायची. आवाज बारीक वाटला तरी चालेल, तो नंतर वाढवता येतो. फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. दान मिळाल्यावर बुवा एकेका गावच्या देवाचं नाव घेऊन ‘दान पावलं’ म्हणतात. ती यादी घरागणिक थोडी बदलते, म्हणून ती तुकड्यातुकड्यांत न घेता सलग घ्यावी.

नऊनंतर चहा आणि बोलणं. ‘तुमची जीवनकथा सांगा’ असं विचारलं की माणूस आखडतो. मी वस्तूवरून सुरुवात करते. ही टाळ कुठली? टोपीच्या कळसाला पोचा कशाने पडला? टोपी त्यांच्या वडिलांची. कामट्यांचा सांगाडा जुनाच, पिसं मात्र दर दोन-चार वर्षांनी बदललेली. साल विचारून उपयोग नसतो, ‘कशाच्या आधी, कशाच्या नंतर’ असं विचारायचं. बहात्तरचा दुष्काळ, किल्लारीचा भूकंप या खुणा पक्क्या असतात. बुवा म्हणाले, “पानशेत फुटलं तवा बा हितंच फेरीला हुता. नदीकाठच्या वाड्यात झोपायचा, आंगावरच्या कापडानिशी पळाला.”

म्हणजे १२ जुलै १९६१. मी तारीख लिहिली आणि थबकले. वासुदेव भटक्या जमातींच्या यादीत आहेत, आणि त्यांना जातीच्या दाखल्यासाठी राज्यातलं वास्तव्य २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचं दाखवावं लागतं. चार महिने आधी बाप पुण्याच्या पुरातून पळत होता, ही गोष्ट मुलाच्या तोंडी आहे, कागदावर नाही. नातवाचा दाखला त्यावरच अडलेला.

मग त्यांनी झोळीतून प्लास्टिकची फाईल काढली. राज्याच्या ज्येष्ठ कलावंत मानधनाचा अर्ज. वय ५० पूर्ण असावं लागतं, २०२४ पासून मानधन महिना ५००० रुपये आहे. सोबत कलेच्या सेवेचे पुरावे जोडायचे असतात : प्रमाणपत्रं, कात्रणं, छायाचित्रं. फाईलमध्ये एकही नव्हतं. “ताई, फोटू लई लोकांनी काढलं. गोरं लोक आलं, कालेजची पोरं आली. माज्याकडं एक न्हाई.”

ही एवढी गोष्ट मला अजून सोडत नाही. या शहरात सगळ्यांत जास्त फोटो निघालेल्या माणसांत हे बुवा असतील. दिवाळी आली की वर्तमानपत्रांत ‘पहाटेचा वासुदेव’ छापून येतो, प्रदर्शनांत मोठ्या प्रिंट लागतात. नाव नसतं. झाडाचं, पक्ष्याचं नाव शोधून लिहिणारे आपण फोटोग्राफर माणसाच्या फोटोखाली त्याच्या वेषाचं नाव लिहून मोकळे होतो. त्यांचं २०११ सालचं एक कात्रण मी शोधून काढलं, चेहरा स्पष्ट ओळखू येत होता, पण फोटोखालच्या ओळीत नाव नाही म्हणून ते पुरावा म्हणून उभं राहिलं नाही. माझ्या जुन्या डिस्कवरही त्यांचे चार फोटो निघाले. फोल्डरचं नाव ‘वासुदेव, पेठ’. शिवाय तेव्हा बॅटरी बदलल्यावर कॅमेऱ्याचं घड्याळ लावायचं राहिलं होतं, त्यामुळे फायलीतली तारीखही खोटी. ती चूक माझी आहे आणि ती त्यांना महागात पडते आहे.

दुसरीकडे १९५९ चा मुंबईचा भिक्षाप्रतिबंधक कायदा. त्याच्या व्याख्येत गाणं, नाचणं, भविष्य सांगणं ही भीक मागण्याची निमित्तं म्हणून येतात आणि पहिल्याच दोषसिद्धीला एक ते तीन वर्षं डांबून ठेवण्याची तरतूद आहे. भीक ठरवताना गाण्याचा पुरावा कुणी मागत नाही. कला ठरवताना फाईल लागते. हा अन्याय आहे.

आता कामाचं. अर्जावरचा फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, डोकं उघडं, दोन्ही कान दिसणारे. आणि कलेच्या फोटोत टोपीखालचा रंगवलेला चेहरा. हा आणि तो माणूस एकच कशावरून, असं त्यांना आधी एका टेबलावर विचारलं गेलं होतं. म्हणून त्याच जागी, भिंतीपासून दीड मीटर पुढे, खिडकीच्या उजेडात, कॅमेरा तिवईवरून न हलवता पाच फोटो घेतले. टोपीसह टाळ वाजवताना. टोपीला हात घातलेला. टोपी अर्धी उचललेली. टोपी कुशीत, डोकं उघडं. शेवटी छातीशी आधार कार्ड. घड्याळ आधी फोनशी मिळवून घेतलं. पाचही एकाच कागदावर क्रमाने छापले, मागे बुवांचं पूर्ण नाव, ठिकाण, तारीख, वेळ, माझी सही. चौथ्या फोटोतून पासपोर्ट आकाराचे आठ काढले. सहा बाय चार इंचांच्या कागदावर बरोबर आठ बसतात. प्रिंटची तीन पाकिटं केली : एक अर्जाला, एक घरी, एक गावी भावाकडे, कारण पावसाळ्यात पालात पाणी शिरलं की पहिले कागद जातात.

कपाळावर टोपी बसते तिथे फिकट पट्टा उठलेला आहे, चौथ्या फोटोत तो स्वच्छ दिसतो. प्रिंटवाल्या मुलाने विचारलं, “डाग घालवू का?” मी नको म्हटलं. बुवांनी तो फोटो बराच वेळ हातात धरला. “ह्यो कोन म्हनायचा,” एवढंच म्हणाले आणि तो फाईलमध्ये सगळ्यांत वर ठेवला.

अर्ज गेल्या महिन्यात दिला आहे. पोच मिळाली, तिची प्रत तिन्ही पाकिटांत घातली.