काढलेला पार्ट मालकाचा

आमच्या शेडवर दोन बोर्ड आहेत. रस्त्यावरून दिसतो तो माझा, फ्लेक्सचा: 'जुन्या मोटारींचे रिस्टोरेशन'. त्याच्या मागं आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पत्र्यावर ऑइलपेंटनं लिहिलेला: 'पेट्रोल गाडीस डिझेल इंजिन बसवून मिळेल'. माझा लावताना जुना उतरवायचा होता. आबा म्हणाले, "राहू दे की. तुझा फ्लेक्स वाऱ्यानं फाटला तर माझा तरी दिसंल." दोनदा फाटलाय.

जुनी गाडी कारखान्यातून निघाली तशीच ठेवायची, की आपल्या सोयीनं बदलायची, यावर या छंदातली माणसं मैत्री तुटेपर्यंत भांडतात. आमच्याकडं हे भांडण घरातूनच सुरू झालं. त्यामुळं धंद्याची वाटचाल लिहायला बसलो तर तेच आधी लिहावं लागतंय.

आबांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गाळा भाड्यानं घेतला तेव्हा एक सेकंडहँड लेथ, वेल्डिंगचा सेट आणि चेन ब्लॉक एवढंच भांडवल होतं. उद्यमनगरात तेवढ्यावर भागतं, कारण उरलेलं शेजाऱ्याकडं मिळतं. पॅटर्न एका गल्लीत, कास्टिंग दुसऱ्या, शेपिंग तिसऱ्या. नवी गाडी बुक करून वर्षानुवर्षं वाट बघायचा तो काळ. रस्त्यावर बहुतेक ॲम्बॅसेडर, फियाट नाहीतर जीप. आहे तीच गाडी चालवायची आणि पेट्रोल तर परवडत नाही, म्हणून ऊसवाले आणि गुळाचे व्यापारी आबांकडं यायचे.

महिंद्राच्या सीजे-३बी जीपमध्ये विलीजचं हरिकेन इंजिन असायचं, २.२ लिटरचं. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये अशी त्याची रचना, म्हणून इंजिन उंच, आणि इंजिन उंच म्हणून त्या जीपचं बॉनेट उंच. आबा ते इंजिन उतरवून मॅटाडोर टेम्पोचं डिझेल इंजिन बसवायचे. गिअरबॉक्स जीपचाच राहायचा. दोघांचे बोल्ट काही जुळत नाहीत, म्हणून मध्ये लेथवर काढलेली जाड अडॅप्टर प्लेट यायची. इंजिन ज्यावर बसतं ते फाउंडेशन नवीन वेल्ड करायचं, आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, इंधन बदलून घ्यायचं. प्रत्येक प्लेटवर ते पंचनं आपल्या नावाचं पहिलं अक्षर मारायचे. याला कुणी मॉडिफिकेशन म्हणत नव्हतं. 'गाडी डिझेल केली' म्हणायचे.

पुढं कारखान्यातूनच डिझेल जीपा यायला लागल्या आणि ते काम आटलं. मी डिप्लोमा करून गॅरेजमध्ये आलो तो याच सुमारास. माझ्या वाट्याला फियाट आल्या.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ ला ११०० डिलाइट निघाली. तीच नाव बदलत बदलत पद्मिनी झाली आणि १०८९ सीसीचं तेच इंजिन घेऊन ही सदी सुरू होईपर्यंत टिकली. मारुती आल्यावर लोकांनी फियाट विकल्या, ज्यांना विकवल्या नाहीत ते माझ्याकडं आले. एकेकाची तक्रार ठरलेली: चढाला दम लागतो, स्टेअरिंगवरचा गिअर अडकतो, एसी लावायचाय. माझ्याकडं उत्तर तयार होतं. याच कंपनीनं १९८५ ला ११८ एनई काढली होती, तिच्यात निसानचं ए-१२ इंजिन, ११७१ सीसी. भंगारात निघालेल्या ११८ एनईचं इंजिन गिअरबॉक्ससकट उचलायचं आणि पद्मिनीत उभं करायचं. त्याचा गिअर खाली असतो, म्हणून टनेलचा, म्हणजे गिअरबॉक्सवरच्या उंचवट्याचा, पत्रा कापावा लागतो. फाउंडेशन, प्रॉपेलर शाफ्ट, रेडिएटर, सगळं हाताखालचं काम. "एकाच कंपनीचं रक्त आहे," असं मी गिऱ्हाइकाला सांगायचो. अशा अकरा गाड्या मी केल्या आणि त्यांचा मला गर्वही होता.

त्यातली एक इचलकरंजीच्या सूत व्यापाऱ्याची. ते गेले, आणि काही वर्षांनी त्यांचा मुलगा गाडी घेऊन आला. वडिलांची आठवण म्हणून ती मूळ रूपात आणायची होती. "काका, काढलेलं इंजिन तुमच्याकडंच असेल ना?"

नव्हतं. जुनं इंजिन 'जागा अडवतंय' म्हणून मी त्या वेळी किलोवर घातलं होतं. ब्लॉक बिडाचा, म्हणजे तो चार गल्ल्या पलीकडच्या फाउंड्रीत गेला असणार. आरसीवर ज्याचा नंबर आहे त्या इंजिनाचं आज कुठंतरी विहिरीवर पंपाचं केसिंग झालेलं असेल. त्या मुलाला हे कसं सांगितलं ते माझं मला माहीत. टनेलचा कापलेला पत्रा आम्ही फुकट भरून दिला, पुण्याच्या नाना पेठेतून दुसरं १०८९ शोधलं, तेही बसवलं. नंबर मात्र कुठून आणणार? आबा खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, "मी जीपचं इंजिन मालकाच्या गोठ्यात ठिवून याचो." खरं होतं ते. काढलेला पार्ट मालकाचा, हा त्यांचा नियम होता आणि मी तो अडगळ म्हणून मोडला होता.

तेव्हापासून आमच्याकडं पेटी आहे. गाडीतून जे निघेल ते, मग डायनॅमो असो की पॉइंटचा डिस्ट्रिब्युटर की तुटकं हँडल, लाकडी पेटीत जातं. झाकणावर गाडीचा नंबर, आत यादी आणि फोटो. हे काम माझी मुलगी बघते. पेटी मालकानं न्यायची असते, पण नेतोय कोण? फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एकाच्या घरून निरोप आला की पेटी आली तर गाडी आणि पेटी दोन्ही बाहेर जातील. आज तेहतीस पेट्या रॅकवर पडून आहेत.

मूळपणाचा आग्रह म्हणजे काय ते मला पुण्याच्या एका निवृत्त इंजिनियरांनी शिकवलं. त्यांची गाडी १९५० च्या दशकातली ११००, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी, जिला आपल्याकडं 'डुक्कर फियाट' म्हणतात. पहिल्याच दिवशी भिंग घेऊन आले. डॅशबोर्डखाली दोन स्टार स्क्रू सापडले. "हे कुणी घातले?" म्हटलं, आधीच्या मिस्तरीनं घातले असतील. ते म्हणाले, त्या गाडीत तिथं माइनस स्क्रूच होते. मग जुन्या बाजारात दोन रविवार गेले.

खरी गंमत रंगाला झाली. आमचे पेंटर तीस वर्षं हातात गन धरून आहेत. लांबी घासून पत्रा असा सरळ करतात की ट्यूबलाइट त्यात वाकडी दिसत नाही. त्यांनी पीयू, म्हणजे आजकालचा चकचकीत रंग, मारून गाडी काचेसारखी करून दिली. साहेबांनी एक फेरी मारली आणि म्हणाले, "काम उत्तम आहे. पण कुर्ल्याहून निघताना ही एवढी चमकत नव्हती." पेंटरनं गन खाली ठेवली आणि चहाला गेले ते संध्याकाळीच आले. चमक हा दोष असतो हे त्यांना आजही पटलेलं नाही. ती गाडी आम्ही पुन्हा जुन्या पद्धतीनं, ड्यूको हा जुन्या काळचा रंग मारून, कंपाउंडनं हातानं घासून दिली. खर्च दुप्पट झाला आणि साहेबांनी तो कुरकुर न करता दिला. असं गिऱ्हाईक विरळाच. एरवी मूळपणाचा आग्रह धरणाऱ्याला एक पार्ट शोधायला घातलेले आठ दिवस बिलात दिसले की राग येतो. खरं सांगायचं तर कामगारांचे पगार मॉडिफायवाल्यांच्या पैशातून होतात.

साहेबांशी माझा एकदाच वाद झाला, ब्रेकवरून. चारी चाकांना ड्रम. ट्रायलला आंबा घाट उतरलो तर अर्ध्यावर लायनरचा वास आला आणि पेडल खाली जाऊ लागलं. म्हटलं, पुढं डिस्क घालू या, जिवाचा प्रश्न आहे. ते म्हणाले, "तुम्ही कुठल्या गिअरमध्ये उतरलात?" टॉपला. "दुसऱ्यात उतरायचं. गाडी जुनी आहे, तर चालवायचंही जुन्यासारखं." पुढच्या वेळी दुसऱ्यात उतरलो, ब्रेकला हात लावावा लागला नाही. पण मागून येणाऱ्या ट्रकवाल्यांनी जो हॉर्न लावला तो त्यांनी ऐकायला हवा होता. रोज वापरायच्या गाडीला मी अजूनही डिस्कच सुचवतो.

आणि अगदी कट्टर माणसंही आतल्या बदलाला डोळेझाक करतात, हे मी पाहिलंय. २००० साली शिशाचं पेट्रोल बंद झालं तेव्हा जुन्या हेडच्या मऊ व्हॉल्व्ह सीट खचायला लागल्या. त्या जागी कडक सीट घालतो, त्यावर कुणी हरकत घेतली नाही. आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय, ते जुन्या रबराला खातं. पंपाचा डायफ्राम, होज, कार्बोरेटरची किट, सगळं त्याला टिकेल असं घालावं लागतं. चालतं. बॉनेट उघडल्यावर दिसत नाही ना, मग चालतं. डायनॅमोच्या जागी घातलेला अल्टरनेटर दिसतो, म्हणून त्याच्यावरून रणकंदन.

जुन्या गाड्यांची एक जागतिक संघटना आहे, फिवा. तिची तुरिनची सनद साहेबांनी एकदा आम्हाला शेडमध्ये वाचून दाखवली. बदल कमीत कमी करा, पुन्हा पूर्ववत करता येतील असे करा, काढलेले मूळ भाग गाडीबरोबर ठेवा, असा तिचा सूर. आबांनी विचारलं, "ह्यासाठी परदेशात बैठक घेतली?"

कायद्यानं मात्र वादाला धार आणली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ रचनेशी जुळणार नाही असा बदल करता येणार नाही. त्यानंतर इंजिन बदलायची कामं मी जवळजवळ सोडली. कागद होत असेल तरच हात लावतो. जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नाही, अशा गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण मग ती रोजच्या वापराला रस्त्यावर काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. म्हणजे मूळ ठेवली तर मान आहे पण फिरायचं नाही, आणि फिरायचं तर साधा नंबर. साहेबांना हे मान्य आहे. शेजारच्या गाडीवर काम करून घेणारा गडहिंग्लजचा पोरगा त्यांना तोंडावर म्हणाला, "मग शोकेसच करा की तिचा." चहाचे कप तसेच राहिले. दोघांच्या गाड्या तयार होईपर्यंत मी त्यांना वेगवेगळ्या दिवशी बोलवत होतो.

सध्या शेडमध्ये राधानगरीकडची एक सीजे-३बी आलीय. आबांनीच डिझेल केलेली. मूळ मालकाचा नातू पुण्यात नोकरीला आहे, त्याला ती पुन्हा पेट्रोल करायचीय. आणि हरिकेन इंजिन खरंच त्यांच्या गोठ्यात आहे, पेंढ्याखाली, जाम झालेलं पण नंबरासकट. काम सोपं वाटलं होतं. पण आरसीवर आज इंधन डिझेल आहे, मग मूळ कोणतं धरायचं? आरटीओच्या दोन एजंटांना विचारलं, दोन उत्तरं मिळाली. स्टार स्क्रूवाले साहेब म्हणाले, हात लावू नका. त्या काळात त्या गावात गाडी कशी जगली तेच यात दिसतंय, हाच तिचा इतिहास. मला वाटलं होतं ते तरी पेट्रोलच्या बाजूनं बोलतील.

आबा म्हणतात, काढा. "डिझेल घातलं कारण पेट्रोल परवडत नव्हतं. हा पोरगा वर्षातनं चारदा चालवणार. त्याला काय फरक पडतोय? आणि त्या उंच बॉनेटखाली तेच इंजिन शोभतंय." मग त्यांनी वायर ब्रश मागितला, खाली वाकायला मला हाताला धरायला लावलं, आणि अडॅप्टर प्लेटवरची ग्रीस घासत बसले. दहा-बारा मिनिटांनी अक्षर दिसलं. थोडं तिरकं पडलंय. म्हणाले, "घाईत होतो त्या दिवशी."

मुलीनं पेटी तयार ठेवलीय, झाकणावर जीपचा नंबर टाकलाय, आत काय जाणार ते अजून लिहिलेलं नाही. नातू म्हणतो, दिवाळीला येऊन सांगतो. तोवर जीप शेडच्या तोंडाशी उभी आहे आणि मागच्या दोन फियाट बाहेर काढता येत नाहीयेत.