तुम्ही विचारलंत म्हणून: गॅलरीने गाव जगतं का?

किनाऱ्यावरच्या गावांबद्दल मी लिहिते हे कळलं की एक प्रश्न हमखास येतो. जिथे बंदर बसलं, मासळी आटली, तरुण निघून गेले, तिथे चित्रांची गॅलरी किंवा स्केटिंगचं मैदान बांधून काय होणार? उपाशी माणसाला अत्तर कशाला, असा त्यामागचा सूर असतो. माझं उत्तर: फरक पडतो, चांगलाच पडतो. मात्र कुणाला पडतो, ते जागा कुणाच्या नावावर आहे यावर ठरतं.

अशा गावाला पंचक्रोशी अर्धीच मिळते, उरलेली अर्धी पाण्यात. रेल्वेही तिथेच संपते. ब्रिटनमधल्या समुद्रकाठच्या शहरांचे पर्यटक स्पेनच्या स्वस्त विमानसहलींनी पळवले. राहिले ते उन्हाळ्यापुरते. एरवी हॉटेलांना टाळं आणि पोरांच्या हाताला काम नाही.

म्हणूनच पोर्तुगालमधलं नाझरे मला सगळ्यात बोलकं वाटतं. गाव मासेमारीचं. उन्हाळ्यात पुळणीवर गर्दी, हिवाळ्यात शुकशुकाट. समुद्राखालची खोल दरी थेट किनाऱ्याजवळ येते, त्यामुळे हिवाळ्यात तिथे राक्षसी लाटा उठतात. कोळ्यांच्या लेखी ते संकटच. गावातल्याच एका बॉडीबोर्डरने, म्हणजे आखूड फळीवर पालथं पडून लाटा कापणाऱ्याने, त्या लाटांचे फोटो हवाईच्या गॅरेट मॅकनमारा या सर्फरला पाठवले. नोव्हेंबर 2011 मध्ये मॅकनमारा तिथल्या 78 फुटी लाटेवर स्वार झाला आणि ती दृश्यं जगभर फिरली. आता ऑक्टोबर ते मार्च लाटा पाहायला किल्ल्यावरच्या दीपगृहापाशी माणसं दाटीवाटीने उभी असतात. हंगाम नेमका रिकाम्या महिन्यांत आला! हॉटेलवाल्याला आणखी काय हवं?

इंग्लंडमधल्या मार्गेटची गोष्ट वेगळी. टर्नर हा चित्रकार तिथे येऊन राहायचा. 2011 मध्ये त्याच्या नावाची गॅलरी उघडली आणि चालली. कॅफे आले, लंडनकर आले, पाठोपाठ घरांच्या किमती आणि भाडी चढली. दुकानं उघडली हे खरं, पण जुन्या भाडेकरूला त्याचं काय कौतुक?

जवळच्याच फोकस्टोनमध्ये ज्येष्ठांना सहली आणि विमा विकणाऱ्या सागा कंपनीची धुरा सांभाळलेले रॉजर डी हान यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या संस्थेने जुन्या गावातल्या सुमारे 90 इमारती दुरुस्त केल्या. त्या विकून मोकळी न होता ती कलावंतांना आणि छोट्या धंदेवाल्यांना भाड्याने देते. भाडं किती चढू द्यायचं हे त्यामुळे तिच्या हातात राहतं. 2022 मध्ये तिथे बहुमजली स्केटपार्क उघडला, गावातल्या शाळकरी मुलांना महिना 1 पौंडात. सोबत बॉक्सिंगची तालीम आणि चढाईची भिंत. अर्थात डी हान काही संत नव्हेत. बंदराकाठच्या महागड्या फ्लॅटांचा प्रकल्पही त्यांच्याच कंपनीचा, आणि त्यावरून गावात भांडणं झालीच.

इंग्लंडमधल्याच हेस्टिंग्जच्या कोळ्यांनी तर गॅलरी बांधायच्या आधीच विरोध केला होता. तिथे होड्या अजूनही किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि गॅलरीसाठी ठरली ती जागा त्यांना खेटूनच, सहलीच्या बस थांबायच्या तळावर. बस गेल्या की गिऱ्हाईकही जाणार, असं म्हणणाऱ्यांना कलेचे शत्रू ठरवणं सोपं होतं. मला तो हिशेब रास्त वाटतो. 2012 मध्ये गॅलरी उघडली. होड्या अजून तिथेच आहेत, बसचा तळ मात्र गेला.