एक रन

जूनमधली रविवार दुपार, पाऊस येतो येतो म्हणतोय आणि येत नाहीये, आणि मी फरशीवर फतकल मारून लेकीच्या पुस्तकांना कव्हरं घालत बसलोय. या एका कामात मी कुणाला हात लावू देत नाही, कोपरे दुमडायची माझी एक पद्धत आहे आणि ती बायकोला मान्य नाही, असो. तर भूगोलाचं पुस्तक हातातून निसटलं, जमिनीवर पडून उघडलं, डावीकडे पान नंबर ८४, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "चौकार!"

लेक सहावीत आहे. तिने मोबाइलमधून मान वर केली. "काय?"

"काही नाही," म्हणालो. पण झालं ना, दुपार गेलीच मग.

बुक क्रिकेट कसं खेळतात हे सांगत बसत नाही, ज्याला माहीत नाही त्याने शाळेत केलं काय इतकी वर्षं. फक्त आमचे नियम सांगतो, कारण ते गावागणिक नाही, वर्गागणिक बदलायचे. आमच्यात डावंच पान धरायचं, त्याच्या नंबरातला शेवटचा आकडा म्हणजे रन. शून्य आलं की आउट. दोन, चार, सहा जसेच्या तसे. आठ आला की रन नाही, नुसता बॉल गेला. (दुसऱ्या तुकडीत आठाला नो बॉल आणि वर एक रन धरायचे, त्यांना आम्ही अडाणी समजायचो.) डोळे मिटून, अंगठा लावून, एका झटक्यात उघडायचं. बोट घुटमळलं तर बॉल रद्द.

साताऱ्यातली शाळा, खिडकीतून अजिंक्यतारा दिसायचा, आणि शेवटच्या दोन बाकांवर आम्ही सहाजण. आठवी ते दहावी, तीन सीझन. दोनशे पानी लाँगबुक, त्यात प्रत्येक मॅचचा स्कोअर, पॉइंट टेबल, पार रन रेटसुद्धा. हिशेब ठेवणाऱ्याचं नाव पडलं दालमिया, कारण तेव्हा आयसीसीचे अध्यक्ष जगमोहन दालमिया होते आणि आमच्याही लीगमधे त्याला विचारल्याशिवाय पान हलायचं नाही. दुसरा होता बकनर. त्याला काहीही विचारा, अगदी "डब्यात काय आणलंय" विचारा, आधी समोर बघत राहायचा, मग मान हळूहळू हलायची, आणि मग उत्तर. अंपायर स्टीव्ह बकनर आउटचं बोट वर करायच्या आधी घ्यायचा तेवढाच वेळ. आमचाही अंपायर अर्थात तोच.

९८ च्या जूनमधे आम्ही लिलाव केला. होय, आयपीएलच्या दहा वर्षं आधी, याची कुठे नोंद नाही म्हणून इथे करतो. एप्रिलमधे शारजा होऊन गेलेलं, आधी ते वादळ आणि सचिनचे १४३, मग दोनच दिवसांनी फायनलला १३४, त्यामुळे सचिन कुणाला मिळणार यावरून मारामारीच व्हायची बाकी होती. शेवटी दालमियाने एक नवं कोरं रेनॉल्ड्सचं पेन, तीन रिफिली आणि आठवडाभराची साबुदाण्याची खिचडी (त्याच्या आईला शनिवार, एकादशी, संकष्टी सगळं असायचं) एवढ्यावर अख्खी इंडिया उचलली. माझ्याकडे काहीच नव्हतं, एक खोडरबर होता, त्यात साउथ आफ्रिका आली. कुणाला नकोच होती. मला मात्र आवडायची. ऱ्होड्स, क्लूसनर, डोनाल्ड आणि वर कॅप्टन क्रोनिए. तो तोंडावरची रेषही न हलवता मॅच काढायचा, आमच्या गणिताच्या सरांसारखा.

नवा सीझन सुरू झाला आणि पहिल्याच महिन्यात लक्षात आलं की पुस्तकाला सचिन कोण ते कळत नाही. सचिन येतो, दोन, चार, शून्य, गेला. खाली व्यंकटेश प्रसाद येतो आणि ६४ मारून जातो. दालमिया रडकुंडीला. आत्ता कव्हरं घालता घालता मी हिशेब केला, पाच आकड्यांतला एक आउट, म्हणजे एका माणसाला आउट व्हायच्या आधी सरासरी चार बॉल मिळणार, बॉलमागे तीन रन, म्हणजे माणशी १२ आणि टीम १२० ला आउट. सचिनही १२, प्रसादही १२. योगायोग बघा, ९६ ला ईडनवर वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला लोकांनी बाटल्या फेकून मॅच बंद पाडली तेव्हा आपला स्कोअर १२० च होता, आठ बाद. म्हणजे त्या दिवशी इंडिया बुक क्रिकेटच खेळत होती.

तर मधल्या सुट्टीत मीटिंग होऊन ठराव झाला की सचिनला पहिलं शून्य माफ. लगेच श्रीलंकेवाला उठला, मग जयसूर्याने काय घोडं मारलंय. मग लारा. मग सईद अन्वर. आठवडाभरात अकराच्या अकरा जणांना पहिलं शून्य माफ झालं, मॅच संपेचनात, भूगोलाच्या तासाला सुरू झालेली इनिंग पीटीच्या तासापर्यंत चालली आणि एकदा सर मागे येऊन उभे राहिले ते कळलंच नाही. "काय चाललंय?" "सर, पान शोधतोय." "सापडलं?" बकनर विचार करून म्हणाला, "शून्य आलंय सर." दोघं तासभर बाहेर. नियम रद्द.

आता ९९. दहावीचं वर्ष नुकतं सुरू झालेलं, १७ जून, एजबॅस्टन, वर्ल्ड कपची सेमीफायनल, साउथ आफ्रिकेसमोर ऑस्ट्रेलिया २१३. क्लूसनरने शेवटच्या ओव्हरला पहिल्या दोन बॉलवर दोन चौके हाणले, स्कोअर बरोबरीत, चार बॉल, एक रन. एक. आणि मग ते धावणं. डोनाल्डच्या हातातून बॅट पडली, क्लूसनर पार पलीकडे पोचला, आणि डोनाल्ड मधेच. मॅच टाय, फायनलला ऑस्ट्रेलिया. मी टीव्ही बंद करून गच्चीवर जाऊन बसलो. आई वर येऊन म्हणाली, "अरे, आपली टीम तरी होती का ती?" तिला काय सांगणार, खोडरबर देऊन घेतली होती म्हणून.

त्या वर्षी मी लीगमधे पेटून खेळलो. म्हणजे काय, पुस्तकच उघडायचं, पेटून काय उघडणार, पण तरी. आणि फेब्रुवारी २००० मधे, सेंड-ऑफच्या दिवशी, शेवटची फायनल, दालमियाची इंडिया विरुद्ध माझी साउथ आफ्रिका. हॉलमधे भाषणं चाललेली, मुली रडत होत्या, प्रत्येकाच्या हातात कागदी डिशमधे समोसा आणि वेफर्स, आणि आम्ही सहाजण रिकाम्या वर्गात. कप म्हणजे खडूचं रिकामं खोकं, त्याला चॉकलेटची चांदी चिकटवलेली.

पुस्तक न्यूट्रल लागायचं, फायनल न खेळणाऱ्याचं. बकनरचं इतिहासाचं ठरलं. आणि ते बकनरचं इतिहासाचं पुस्तक आदल्या दिवशी नोट्स उतरवायला म्हणून माझ्या घरी होतं. रात्री मी ते ५६ नंबरच्या पानावर उघडलं, पाठीवर गुडघा देऊन दाबलं, आणि तसंच उलटं घालून वर ट्रंक ठेवली. सकाळी बघितलं, जरा खालच्या अंगाला अंगठा लावला की पुस्तक शहाण्यासारखं ५६ वर उघडायचं. शंभर पानांच्या पुस्तकात असं एकच पान पुरतं.

सगळी मॅच तसा खेळलो नाही, हे मुद्दाम सांगतो. इंडिया ११६ वर आउट, माझे १०६ वर नऊ गेले तोवर मी इमानदारीत उघडत होतो. शेवटचा आला डोनाल्ड. अकरा हव्या होत्या, म्हणजे आमच्याकडे बाराच, कारण डावं पान कायम समच असतं. आमच्या लीगमधे तीन वर्षांत कुणी एक रन काढलीच नाही. मी डोळे मिटले, अंगठा जरा खाली सरकवला. सहा. परत मिटले. सहा.

काय नाचलो आम्ही, दालमियासुद्धा नाचला. मग त्याने लाल पेनने लाँगबुकच्या शेवटच्या पानावर लिहिलं, "सर्वानुमते ठरले की लीग आजपासून बरखास्त करण्यात येत आहे," खाली सहाजणांच्या सह्या, आणि वहीची पानं फाडून ज्याची टीम त्याला वाटून टाकली. कुणी आयटीआय, कुणी डिप्लोमा, दोघं सायन्सला. अकरावीत एकदा कॅन्टीनमधे खेळून बघितलं, दोन विकेटमधेच कंटाळा आला. कप आमच्या आईने दिवाळीच्या साफसफाईत कधी टाकला ते कळलंही नाही.

पण त्याआधी एप्रिल आला. परीक्षा होऊन गेलेली, आम्ही सायकली लावून कट्ट्यावर. दिल्ली पोलिसांनी मॅच फिक्सिंगमधे क्रोनिएचं नाव घेतलं तेव्हा मी दोन-तीन दिवस सगळ्यांशी भांडलो, की हे खोटं आहे, तो तसला नाही. मग त्याने स्वतःच कबूल केलं आणि कॅप्टनशिप गेली. दालमिया पेपर घेऊनच आला होता, "बघ लेका तुझा कॅप्टन." मी काही बोललो नाही. सगळ्यांना वाटलं वाईट वाटलंय, जरा गप्प बसले बिचारे. बकनरने नेहमीसारखा वेळ घेतला, समोर बघत राहिला, आणि म्हणाला, "आपली लीग तरी चोख होती रे."

त्याचं इतिहासाचं पुस्तक मी त्याला फायनलनंतर तिथेच परत दिलं होतं. पुढे महिनाभर त्याने त्यातूनच बोर्डाचा अभ्यास केला. रोज उघडत असणार.

व्हॉट्सॅपवर ग्रुप आहे आमचा. बकनर तिथेही उशिराच उत्तर देतो. सांगू सांगू म्हणता पंचवीस वर्षं झाली.

"बाबा, मला पण शिकव," लेक म्हणाली. शिकवलं. तिने डोळे मिटून पुस्तक उघडलं, ६०-६१, डावीकडे शून्य. आउट.

"एक!" ती म्हणाली.

"अगं, डावं पान धरायचं."

"का पण? उजवीकडे एक आहे ना."

मी बराच वेळ विचार केला. काहीच सुचेना.

"बरं, धर एक," म्हणालो आणि सेलोटेप शोधायला उठलो.